चेक इंजिनचा दिवा लागला, कोड आला, आता काय? गावाकडच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

यवतमाळ, वाशिम, वर्धा, अकोला ह्या पट्ट्यात ज्यांच्याजवळ बोलेरो, पिकअप, छोटा हत्ती, इर्टिगा नाहीतर एखादी जुनी अल्टो आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. गावापासून स्कॅनरवालं (गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा नंबर वाचायचं यंत्र असलेलं) गॅरेज लांब असते, गाडी तिथं न्या, दिवसभर बसा, मजुरी बुडवा, अन् शेवटी कोणीतरी एक महागडा सेन्सर बदलून देते अन् आठ दिवसांनी दिवा परत लागते. हे लय लोकांसोबत होऊन राहिलं. थोडं समजून घेतलं तर यातला अर्धा खर्च वाचतो, म्हणून जे प्रश्न लोक नेहमी विचारतात त्यांची उत्तरं एका जागी.

दिवा लागला, गाडी चालवू का जागेवरच उभी करू?

पहिले दिवा कसा लागला ते पहा. इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा एकसारखा जळून राहिला अन् गाडी रोजच्यासारखी चालून राहिली, आवाज नाही, धूर नाही, ओढ कमी नाही, तर घाबरायचं काम नाही, घरापर्यंत आरामात न्या. पण दोन-चार दिवसांत कोड वाचून घ्या, महिनोनमहिने तसंच पळवू नका.

तोच दिवा लुकलुक करत असेल अन् गाडी झटके देत असेल तर गोष्ट गंभीर आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळूनच नाही राहिलं, ते कच्चं पेट्रोल पुढं सायलेन्सरच्या लाइनीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (विषारी धूर साफ करणाऱ्या डब्यात) जाऊन जळते, अन् कन्व्हर्टर एवढा तापतो की आतली जाळी वितळू शकते. अ‍ॅक्सिलेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, जमलं तर टोचन करून न्या.

लाल दिव्यांचं वेगळं आहे. ऑइलचा लाल दिवा लागला किंवा टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला तर इंजिन तिथंच बंद करा, कोड नंतर पाहता येते.

हा कोड म्हणजे नेमकं काय असते?

गाडीत एक कॉम्प्युटर असतो, त्याला ईसीयू म्हणतात. तो सेन्सरकडून सारखे आकडे घेत असतो, हवा किती आली, पाणी किती तापलं, क्रँक किती फिरतो, पेट्रोल जळल्यावर धुरात ऑक्सिजन किती उरला. एखादा आकडा त्याच्या हिशोबात बसला नाही की तो एक नंबर लिहून ठेवतो. तोच कोड.

नंबर पाच अक्षरांचा असतो. पहिलं अक्षर कोणत्या भागाची गोष्ट आहे ते सांगते: पी म्हणजे इंजिन अन् गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखं चेसिसचं काम, बी म्हणजे बॉडी (एअरबॅग, काचा वगैरे), अन् यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं तुटलं. दुसऱ्या जागी ० असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, १ असेल तर त्या कंपनीचा खास, त्याचा अर्थ त्याच कंपनीच्या यादीत पाहावा लागतो. नेटवर दुसऱ्याच गाडीचा अर्थ वाचून लोक चुकतात ते इथंच. तिसरा आकडा लय कामाचा: १ अन् २ हवा-इंधन, ३ म्हणजे स्पार्क अन् मिसफायर (सिलिंडरमध्ये इंधन नीट न जळणं), ४ म्हणजे धूर कमी करायची यंत्रणा (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर, कॅटॅलिटिक, टाकीची वाफ), ५ म्हणजे स्पीड अन् आयडल (अ‍ॅक्सिलेटर न दाबता इंजिन चालणं), ६ म्हणजे कॉम्प्युटर स्वतः, ७ अन् ८ गिअरबॉक्स. शेवटचे दोन आकडे नेमका बिघाड सांगतात.

म्हणजे पी०३०२ दिसला तर यादी न पाहताही समजते की इंजिन, सगळ्यांना सारखा कोड, मिसफायर, अन् दोन नंबरचा सिलिंडर.

माझ्या गाडीला स्कॅनर लावायचं सॉकेट आहे का? कुठं असते?

ड्रायव्हरच्या पायाजवळ, स्टिअरिंगच्या खाली, डॅशबोर्डच्या खालच्या बाजूनं हात फिरवा किंवा मोबाइलचा टॉर्च मारून पाहा. सोळा पिनांचं, एका बाजूनं रुंद अन् दुसऱ्या बाजूनं अरुंद असं सॉकेट असते. काही गाड्यांत फ्यूजच्या झाकणामागं लपलेलं असते.

कोणत्या गाडीला असते याचा थोडा इतिहास आहे. अमेरिकेत हे १९९६ पासून सक्तीचं आहे. आपल्याकडे बीएस-४ (भारत स्टेज, धुराचे सरकारी नियम) च्या चारचाकींना १ एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ (ओबीडी म्हणजे गाडीनं स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची पद्धत) अन् १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आलं. पण खरी गोम अशी की बीएस-४ पहिले फक्त १३ शहरांत आलं, महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे अन् सोलापूर, आपला विदर्भ नाही. देशभर ते एप्रिल २०१७ मध्ये लागू झालं. म्हणून २०१५-१६ मध्ये आपल्या भागात घेतलेली पिकअप बीएस-३ असू शकते अन् तिला तुमचा स्कॅनर कदाचित कनेक्ट नाही होणार, त्यात तुमची चूक नाही अन् स्कॅनरचीही नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला मात्र असतेच.

स्कॅनर कोणता घेऊ?

घरगुती वापराला ब्लूटूथचा छोटा अ‍ॅडाप्टर पुरतो, ईएलएम ३२७ नावानं मिळतो, मोबाइलवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप टाकलं की झालं. बाजारातले बहुतेक नकली चिपचे असतात, त्यातले बरेच साधे कोड अन् लाइव्ह डेटा (सेन्सरचे त्या वेळचे चालू आकडे) वाचतात पण काही गाड्यांना जुळतच नाहीत, म्हणून परत घ्यायची सोय असेल तिथूनच घ्या. आयफोन असेल तर साधा जुना ब्लूटूथवाला चालत नाही, वायफाय किंवा बीएलई लिहिलेला पाहा.

यात इंजिनचे कोड दिसतात. एअरबॅग, एबीएस, चावी कोडिंग, इंजेक्टर कोडिंग यांना मोठा स्कॅनर लागतो, तो गॅरेजवाल्याकडंच. माझं मत विचाराल तर चार-पाच गाड्यावाल्यांनी मिळून एक बऱ्यापैकी अ‍ॅडाप्टर घ्यावा, एकट्याला रोज लागत नाही.

एक मात्र पाळा, काम झालं की सॉकेटमधून काढून ठेवा. त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला बॅटरीचा करंट कायम असतो, गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

लावला, पण कनेक्टच होऊन नाही राहिला. काहून?

पहिले चावी ऑन करा, इंजिन चालू नसलं तरी चालते. अ‍ॅडाप्टरवरचा दिवा लागला का? नसेल लागला तर सॉकेटला करंट नाही, फ्यूज गेला असेल. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरचा अन् ह्या सॉकेटचा फ्यूज एकच असते, मोबाइलचा खराब चार्जर घुसवून तो उडवलेला असतो. दिवा लागला पण जोडत नाही तर मोबाइलच्या ब्लूटूथमध्ये जुनी जोडणी डिलीट करून परत करा, पिन १२३४ किंवा ०००० असते. तरीही नाही तर दुसऱ्या गाडीला लावून पाहा, मग कळते दोष कोणाचा.

कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं, मग तोच सेन्सर बदलायचा न?

नाही. ह्या एका गैरसमजापायी लोकांचे जेवढे पैसे गेले तेवढे बाकी कशात नसतील गेले.

कॉम्प्युटरला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त वायरीतून आलेला व्होल्टेज दिसतो. वायर तुटली, कनेक्टरमध्ये पाणी गेलं, अर्थिंग ढिली झाली, नाहीतर सेन्सर खरंच बरोबर सांगून राहिला अन् इंजिनमध्येच गडबड आहे, ह्या चारही वेळी कोडमध्ये नाव सेन्सरचंच येते. ऑक्सिजन सेन्सर म्हणाला की मिश्रणात हवा जास्त आहे, तर तो खरं बोलत असू शकतो, त्याला बदलून हवा थोडीच कमी होणार.

एक उदाहरण नीट पाहू, कारण हे कोणालाही घरी करता येते. पी०११८ आला, म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. अ‍ॅपमध्ये लाइव्ह डेटा उघडा, कूलंटचं टेंपरेचर पाहा. तिथं उणे ४० दाखवत असेल. आता वैशाखात आपल्याकडे रेडिएटरमध्ये उणे ४० होणं शक्य आहे का? म्हणजे कॉम्प्युटरला समोर काहीच सापडून नाही राहिलं, सर्किट उघडं आहे. सेन्सरचं दोन वायरीचं कनेक्टर काढा अन् कनेक्टरच्या दोन्ही पिना एका छोट्या वायरीनं जोडा. स्क्रीनवरचा आकडा उणे ४० वरून उडी मारून १३० च्या आसपास किंवा वर गेला तर वायर ठीक, कॉम्प्युटर ठीक, सेन्सर गेला, बिनधास्त बदला. आकडा हललाच नाही तर सेन्सर कितीही नवीन लावा, दिवा जाणार नाही, वायर कुठंतरी तुटली आहे, ती शोधा. पाच मिनिटांचं काम आहे. पण लक्षात ठेवा, हा प्रयोग फक्त दोन वायरीच्या टेंपरेचर सेन्सरवर करायचा, तीन-चार वायरीच्या दुसऱ्या कोणत्या सेन्सरवर पिना जोडू नका, कॉम्प्युटर जळेल.

मी स्वतः ज्या क्रमानं पाहतो तो असा: बॅटरी अन् तिचे टर्मिनल, मग अर्थिंग, मग त्या सेन्सरचं कनेक्टर काढून आत हिरवट गंज किंवा पाणी आहे का, मग हवेचे अन् व्हॅक्यूमचे पाइप, मग इंधन, अन् सगळ्यात शेवटी सेन्सर. पहिल्या चार गोष्टींना पैसा लागत नाही.

पेंडिंग कोड अन् पक्का कोड यात काय फरक?

बरेच बिघाड कॉम्प्युटरला एकदा दिसले की तो पेंडिंग म्हणून लिहितो, दिवा लावत नाही. पुढच्या फेरीत परत दिसला की पक्का करतो अन् दिवा लावतो. म्हणून दिवा नसतानाही कधीमधी स्कॅन करून पेंडिंग पाहावं, आजार लवकर सापडते.

पक्क्या कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाची गोष्ट असते, लोक ती उघडूनच पाहत नाहीत. कोड आला त्या क्षणी आरपीएम किती, स्पीड किती, पाणी किती गरम, लोड किती, सगळं तिथं लिहिलेलं असते. थंड इंजिनवर आयडलला आलेला मिसफायर अन् घाटात भरल्या गाडीनं चढताना आलेला मिसफायर यांची कारणं वेगळी असतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा, कोड पुसला की हेही पुसते.

पी०१७१, सिस्टिम टू लीन. हा लय लोकांना येऊन राहिला, काय करायचं?

अर्थ असा की इंजिनला हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडून राहिलं, कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून वाढवून थकला. किती वाढवलं ते लाइव्ह डेटामध्ये फ्यूल ट्रिममध्ये दिसते, एक शॉर्ट टर्म (त्या क्षणाची) अन् एक लाँग टर्म (साठवलेली). दोन्हींची बेरीज उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक.

आर्णीकडच्या एका मास्तरांच्या पेट्रोल गाडीला हा कोड होता, कोणीतरी ऑक्सिजन सेन्सर बदलून दिला होता तरी दिवा तसाच. आयडलला लाँग टर्म ट्रिम अधिक २१, अन् आरपीएम २५०० वर धरून ठेवलं की ती उतरत उतरत ६ वर आली. इथंच निम्मं उत्तर मिळते. कुठूनतरी चोरून हवा शिरत असेल तर आयडलला तिचा हिस्सा मोठा असतो, आरपीएम वाढलं की इंजिन एवढी हवा खाते की चोरीची हवा त्यात नगण्य होते. उलट आरपीएम वाढल्यावर ट्रिम अजून वाढली असती तर पेट्रोल पुरून नाही राहिलं, म्हणजे पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर पाहावा लागला असता. त्या गाडीत व्हॉल्व्ह कव्हरवरून मॅनिफोल्डकडं (सिलिंडरला हवा वाटणाऱ्या नळीकडं) जाणारा पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनच्या आतली वाफ परत ओढायचा, रबरी पाइप वरून एकदम चांगला दिसत होता, बोटानं खालून चाचपला तर वळणावर नखाएवढी चीर, रबर उन्हानं अन् इंजिनच्या गर्मीनं कडक होऊन वाळल्या सालीसारखं झालं होतं. पाइप बदलला, कोड पुसला, ट्रिम आयडलला ३-४ वर आली.

हा हिशोब एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत चांगला जमतो. ज्या छोट्या पेट्रोल गाड्यांत त्याच्या जागी एमएपी सेन्सर (मॅनिफोल्डमधलं हवेचं प्रेशर मोजणारा) असतो, त्यात हवेची लीक झाली तर ट्रिम फार हलत नाही, आयडलचं आरपीएम वाढून बसते, हे ध्यानात ठेवा. अन् गरम इंजिनवर क्लीनर नाहीतर पेट्रोल शिंपडून लीक शोधायचा प्रकार काही जण करतात, तो करू नका, आग लागते. साबणाचं पाणी शिंपडा, आवाज बदलला की जागा सापडली.

जुनी गाडी असेल तर ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचाही थोडा हिस्सा असतो. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणून त्याच हवेला इंधन जास्त लागते अन् ट्रिम अधिककडं सरकते. पण एवढ्यानं २१ होत नाही. गाडी महिनोनमहिने उभी ठेवत असाल तर टाकीत पाणी उतरायची भीती वेगळी, अशी टाकी रिकामी करून नवीन पेट्रोल भरा.

मिसफायरचे कोड आले, पी०३०१, पी०३०२ असे. कॉइल बदलू का प्लग?

अगोदर अदलाबदल करून पाहा, ज्या गाडीला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारी) आहे तिच्यात हे लय सोपं आहे. पी०३०२ असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर अन् तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर बिघाड कॉइलसोबत गेला, कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल चांगली, हाच खेळ प्लगसोबत करा, मग इंजेक्टर, अन् शेवटी कम्प्रेशन तपासा. पी०३०० म्हणजे एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही, तिथं इंधनाचं प्रेशर, हवेची लीक असं सगळ्यांना लागू पडणारं कारण शोधा.

वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशरचं पाणी मारून आणलं अन् दुसऱ्या दिवशी मिसफायर, हे तर नेहमीचं. कॉइल काढा, प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलेलं दिसेल, हवा मारून सुकवा, बहुतेक वेळा एवढ्यातच काम होते.

डिझेल गाडी आहे, चढावर दम सोडते, पी००८७ दाखवते.

पी००८७ म्हणजे कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीत) जेवढं प्रेशर पाहिजे तेवढं बनून नाही राहिलं. हे ऐकलं की लोकांच्या तोंडी पहिले पंप अन् इंजेक्टर येतात, दोन्ही हजारोंच्या घरात. आपल्याकडे मात्र पहिले फिल्टर पाहावा. ड्रममधलं, कॅनमधलं डिझेल गाडीत पडते, त्यात पाणी असते, माती असते. फिल्टरच्या खाली पाणी काढायचा स्क्रू असतो, तो ढिला करून काचेच्या बाटलीत घ्या अन् पाच मिनिटं तशीच ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसते. मग टाकीपासून फिल्टरपर्यंतचा पाइप पाहा, कुठं हवा ओढत असेल तर पारदर्शक पाइपचा तुकडा मध्ये जोडला की बुडबुडे दिसतात. लाइव्ह डेटामध्ये मागितलेलं अन् खरं रेल प्रेशर दोन्ही पाहा, आयडलला साधारण २५० ते ३५० बार असते. भरलेल्या गाडीनं चढ चढताना दोघांत फरक पडत गेला की खालून डिझेल कमी पडून राहिलं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, चालू इंजिनवर कॉमन रेलचा हाय प्रेशर पाइप ढिला करू नका. जुन्या इंजिनला आपण नट ढिला करून हवा काढायचो ती सवय इथं जीवावर येते, लोडवर हे प्रेशर १६०० बारच्या वर जाते, ती धार कातडी फोडून आत घुसते. बोटाला बारीकसं टोचल्यासारखं दिसलं तरी ताबडतोब दवाखाना.

पी०२९९ आला तर टर्बोचं प्रेशर कमी. टर्बोच्या आधी इंटरकूलरचे रबरी पाइप अन् त्यांचे क्लॅम्प पाहा, फाटलेल्या जागी तेलकट काळा डाग दिसतो, अन् गाडी काळा धूर मारते. पी०४०१ म्हणजे ईजीआरमध्ये काजळी साचली, साफ करून घ्या. पत्रा टाकून ईजीआर बंद करायचा सल्ला मिळेल, त्यानं हाच कोड कायमचा लागतो अन् ते बेकायदेशीरही आहे.

बीएस-६ डिझेल, डीपीएफचा दिवा अन् पी२४६३.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या लाइनीतली काजळी अडवणारी जाळी, ती काजळीनं भरली. गावातून शेतात अन् शेतातून गावात अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांना हे होणारच, इंजिन पुरतं तापतच नाही. दिवा नुकताच लागला असेल तर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगानं मोठ्या रस्त्यावर चालवा, कारंज्याकडचे लोक समृद्धीवर एक चक्कर मारून येतात, बहुतेक वेळा जाळी स्वतःच जळून साफ होते. तेव्हा सायलेन्सर भयंकर तापतो, म्हणून त्या वेळी गाडी वाळलेल्या गवतावर, कुटारावर, पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ उभी करू नका. दिवा लागूनही महिना काढला तर मग मोठ्या स्कॅनरनंच साफ करावं लागते.

ज्यांच्या गाडीत डीईएफची (धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची) वेगळी टाकी आहे त्यांनी शेतीचा युरिया पाण्यात घोळून टाकू नये. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया अन् बाकी क्षार काढलेलं पाणी असते, खताच्या युरियाला निंबोळीचा लेप असतो. त्यानं इंजेक्टर अन् कॅटॅलिस्ट दोन्ही जातात अन् तो खर्च लाखात जाऊ शकतो.

एकदम आठ-दहा कोड आले, सगळं इंजिनच गेलं का?

नाही जी. एकाच वेळी एवढे सेन्सर मरत नाहीत. बॅटरी, अर्थिंग, नाहीतर उंदीर.

बंद गाडीत बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू इंजिनवर १३.८ ते १४.५ पाहिजे. सेल्फ मारताना ती ९.५ च्या खाली गेली तर कॉम्प्युटर गोंधळतो अन् भलतेच कोड लिहितो, पी०५६२ (व्होल्टेज कमी) त्यात हमखास. आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर गेला की बॅटरीचं पाणी लवकर आटते. बॅटरी उतरली म्हणून ट्रकच्या २४ व्होल्टवरून जंप देऊ नका, त्यात ईसीयू जळते.

उंदरांचा त्रास सोयाबीन काढून घरात आलं की वाढतो, गाडी ढोल्याजवळ, गोठ्याजवळ उभी असते, थंडीत गरम इंजिनवर येऊन बसतात. बोनेट उघडल्यावर बॅटरीच्या मागं, इंजिन अन् केबिनच्या मधल्या पत्र्याजवळ, इंजेक्टरच्या वायरिंगवर लेंड्या किंवा कुरतडलेला काळा भुसा दिसतो का पाहा. वायरीवरचं आवरण खाल्लेलं असते, आतलं तांबं कधी अख्खं राहते, म्हणून खड्ड्यात गाडी आदळली की वायर अर्थ होते अन् सपाट रस्त्यावर बरोबर चालते. असा येत-जात कोड असेल तर गाडी आयडलवर ठेवून वायरिंगचा गुच्छा हातानं हळूहळू हलवत जा (पंखा अन् पट्ट्यापासून हात लांब), जिथं इंजिन अडखळलं तिथं बिघाड. जोडताना नुसता पीळ देऊन टेप मारू नका, सोल्डर करा.

पी०१२८ आला, पण गाडी तर गरम होतच नाही, मग प्रॉब्लेम काय?

हाच तर प्रॉब्लेम. इंजिन पाहिजे तेवढं गरम होऊन नाही राहिलं. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून बरेच मेकॅनिक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं न जाऊ देणारा) काढूनच टाकतात. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरते, इंजिन ६०-७० वरच राहते, कॉम्प्युटर समजतो इंजिन थंडच आहे अन् जास्त इंधन सोडतो, अ‍ॅव्हरेज पडते, ऑइल लवकर खराब होते. गाडी तापायचं खरं कारण बहुतेक वेळा रेडिएटर असते, कापसाच्या वाहतुकीत बाहेरून तंतू अन् धूळ बसलेली असते अन् आतून बोअरच्या खाऱ्या पाण्याचा थर. रेडिएटर साफ करा, नवीन थर्मोस्टॅट बसवा, कंपनी सांगते तो कूलंट टाका.

पी०४२०, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला म्हणते. लय महाग आहे.

कन्व्हर्टर धूर नीट साफ करून नाही राहिला असा हा कॉम्प्युटरचा अंदाज, म्हणून लगेच बदलू नका. आधी दुसरा एखादा कोड सोबत आहे का पाहा, मिसफायर किंवा मिश्रणाचा असेल तर तो पहिले मिटवा. सायलेन्सरच्या जोडावर फटफट आवाज येतो का, तिथून हवा शिरली तरी हा कोड येतो. मग लाइव्ह डेटामध्ये दोन्ही ऑक्सिजन सेन्सर पाहा: पुढचा साधा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली व्हायला पाहिजे, मागचा बऱ्यापैकी स्थिर. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टर थकला. इंजिन ऑइल खात असेल तर ते थांबवल्याशिवाय नवीन टाकू नका, तोही मरेल.

नुसता कोड पुसून टाकला तर? नाहीतर बॅटरीचा टर्मिनल काढून ठेवला तर?

दिवा जाईल, बिघाड राहील, अन् परत येईल. वरून फ्रीझ फ्रेम अन् ट्रिमचा साठवलेला हिशोब पुसला जातो, मेकॅनिकला धागाच सापडत नाही. दुरुस्ती झाल्यावर पुसायचा, त्याच्या आधी नाही.

कोड एकही नाही, पण गाडी ओढून नाही राहिली.

सगळं काही सेन्सरला दिसत नाही. क्लच घसरणं, ब्रेक जाम असणं, दबलेला सायलेन्सर, घट्ट झालेले टॅपेट, फुफाट्यानं भरलेला एअर फिल्टर, यांचा कोड बरेचदा येतच नाही. फिल्टर काढून उन्हाकडं धरा, उजेड आरपार दिसला पाहिजे. गाडी चालवून आणल्यावर चाकांच्या रिमजवळ हात न्या, एकच चाक तापलं असेल तर ब्रेक धरून आहे.

जुनी गाडी घ्यायला चाललो, स्कॅनर नेऊ का?

जरूर न्या. चावी ऑन केल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी चेक इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे अन् इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढला किंवा झाकला. मग अ‍ॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर पाहा, म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का त्याची यादी. बरेच अपूर्ण दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसले आहेत. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले हेही बऱ्याच गाड्या सांगतात, तिथं दोन-चार किलोमीटर दिसले तर विकणाऱ्याला सरळ विचारा की भाऊ, काय पुसलं? अन् पन्नास-शंभर किलोमीटर चालवल्यावर परत स्कॅन केल्याशिवाय टोकन देऊ नका.

मेकॅनिकजवळ नेताना काय सांगू?

कोडचा नंबर, फ्रीझ फ्रेमचा फोटो, अन् गाडी केव्हा त्रास देते, थंड का गरम, रिकामी का भरलेली, पाऊस पडल्यावर का, धुतल्यावर का. चांगला मेकॅनिक हे ऐकून खुश होतो. बदललेला जुना पार्ट मागून घ्या.

ट्रॅक्टर अन् मोटारसायकललाही हे लागते का?

बऱ्याच बीएस-६ मोटारसायकलींना सहा पिनांचं वेगळं कनेक्टर असते, जोडायची केबल मिळते, ती लावून काही अ‍ॅप वाचतात. ट्रॅक्टरमध्ये साधा मेकॅनिकल पंप असेल तर त्यात कॉम्प्युटरच नाही, कोडही नाही, तिथं डिझेलचा फिल्टर, हवेचा फिल्टर अन् नोझल हेच पाहायचं. नवीन कॉमन रेलवाल्या मोठ्या ट्रॅक्टरला कॉम्प्युटर असतो, पण त्याचं सॉकेट अन् भाषा बहुतेक करून कारपेक्षा वेगळी, म्हणून कारचा अ‍ॅडाप्टर जबरदस्तीनं लावायला जाऊ नका, त्या कंपनीचा माणूस बोलवा.